समछंदींचा शोध, एआय संवादसाहाय्यकामार्फत

आपल्यासारखीच आवड असलेली माणसे गाठण्यासाठी चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारख्या संवादी प्रणालीची मदत घेण्याची पद्धत. हिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात साहाय्यक सल्लागार असतो : आपली आवड नेमकी कोणती, तशी माणसे कुठे जमतात, तिथे गेल्यावर बोलायला सुरुवात कशी करावी, एवढे तो सुचवतो. दुसऱ्यात त्याच्याजवळ सभासदांची नोंदवहीच असते. तो दोघांशी वेगवेगळे बोलतो आणि मग त्यांची ओळख करून देतो. पहिल्या प्रकाराला फोन आणि इंटरनेट यांपलीकडे काही लागत नाही, म्हणून या नोंदीत भर त्याच्यावर आहे.

'समानशीलव्यसनेषु सख्यम्' हे संस्कृत वचन मराठीत म्हणीसारखे रुळले आहे. हरणे हरणांमागे जातात, गाई गाईंबरोबर, घोडे घोड्यांबरोबर, आणि माणसेही आपल्या स्वभावाच्या माणसांत रमतात, असा त्या श्लोकाचा आशय. पॉल लाझार्सफेल्ड आणि रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये याच प्रवृत्तीला 'होमोफिली' हे नाव दिले. मात्र सारखी माणसे एकमेकांकडे ओढली जायची, तर आधी ती एकमेकांच्या दृष्टीस पडावी लागतात. गावात हे काम कुणीतरी करतच असे. वाचनालयातल्या ग्रंथपालाला ठाऊक असे की कोण कोणती पुस्तके नेतो. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला ठाऊक असे की कुणाच्या मुलाला तबल्याचा नाद आहे. 'अरे, तू त्यांना भेट ना एकदा' असे सांगणारे कुणी ना कुणी भेटे. नोकरीसाठी किंवा लग्नानंतर नव्या शहरात आलेल्या माणसाला नेमके हे वाक्य ऐकायला मिळत नाही. संवादसाहाय्यकाचा हा उपयोग सुरू झाला तो या उणिवेतून.

पूर्वपीठिका

यंत्राकडून माणसांची गाठ घालून घेण्याची कल्पना चॅटबॉटइतकीच जुनी आहे. किंबहुना किंचित जुनीच. १९६५ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी 'ऑपरेशन मॅच' सुरू केले. भरलेली प्रश्नावली आणि ३ डॉलर पाठवले की संगणकाने जुळवलेली नावे टपालाने येत. हेतू जोडीदार शोधण्याचा होता, छंदमित्र शोधण्याचा नव्हे. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, जोसेफ वायझेनबाउम यांनी एमआयटीत (अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत) केलेल्या 'एलायझा' या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध झाली. एलायझा टंकलिखित गप्पा मारी, पण कुणाशी कुणाची ओळख करून देत नसे. जुळवणी आणि संभाषण हे दोन धागे एकत्र यायला पुढे चार दशके गेली.

मधल्या काळातले दोन प्रयोग नोंदवण्याजोगे आहेत. एमआयटीच्या मीडिया लॅबमधील उपेंद्र शार्दानंद आणि पॅटी मेस यांच्या 'रिंगो' या प्रणालीला (१९९४) लोक ईमेलने गायक-वादकांना १ ते ७ गुण देत, आणि ज्यांचे गुण आपल्याशी जुळतात अशांच्या पसंतीचे संगीत ती सुचवी. समानशील माणसे यंत्राने हुडकून काढली होती. फक्त त्यांची भेट घडवण्याऐवजी त्यांची आवड तेवढी एकाकडून दुसऱ्याकडे पोचवली. त्याच संस्थेत लेनर्ड फोनर यांनी १९९० च्या दशकात 'येंटा' रचली. यिडिश भाषेतून आलेला हा शब्द इकडचे तिकडे सांगणाऱ्या चौकस बाईला लावतात, आणि अमेरिकेत त्याला सोयरिकी जुळवणारी असाही अर्थ चिकटला आहे. या रचनेत प्रत्येकाच्या संगणकावर त्याचा स्वतःचा एजंट, म्हणजे त्याच्या वतीने काम करणारा प्रोग्रॅम, असे. तो मालकाच्या ईमेल आणि फायली वाचून त्याच्या आवडी ताडी, आणि दुसऱ्या एजंटांशी बोलून सारख्या आवडीचे गट शोधी. सगळ्यांची माहिती एका ठिकाणी साठू नये याची काळजी फोनर यांनी मुळापासून घेतली होती. आजच्या सेवांकडे पाहिले की ही दूरदृष्टी फार मोलाची वाटते, आणि ती मागे पडली याची हळहळही वाटते.

सर्वांत जवळचा पूर्वज मात्र 'आर्डवार्क' (२००७–११). वापरणाऱ्याने चॅटमध्ये किंवा ईमेलने साध्या भाषेत प्रश्न विचारायचा. आर्डवार्क त्याचे उत्तर स्वतः देत नसे. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या ओळखीच्या, किंवा ओळखीच्यांच्या ओळखीच्या, अशा माणसाकडे नेई ज्याला त्या विषयात गती आहे. त्याच्या संस्थापकांपैकी डेमन होरोविट्झ आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सेप कामवार यांनी २०१० च्या शोधनिबंधात 'ग्रंथालय' आणि 'गाव' असा भेद मांडला. ग्रंथालयात आपण कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कागद शोधतो, तर गावात योग्य माणूस शोधतो, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो तो ओळखीमुळे. ८७.७ टक्के प्रश्नांना किमान एक उत्तर मिळाले आणि ५७.२ टक्क्यांना पहिले उत्तर दहा मिनिटांच्या आत मिळाले, असे त्या निबंधात नमूद आहे. २०१० मध्ये गूगलने ही सेवा विकत घेतली आणि २०११ मध्ये बंद केली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला चॅटजीपीटी हा या वंशातला असूनही एका बाबतीत अगदी वेगळा आहे : आर्डवार्ककडे माणसे होती, याच्याकडे मजकूर आहे. होरोविट्झ-कामवार यांच्या भाषेत सांगायचे तर हे गावासारखे बोलणारे ग्रंथालय आहे. त्याला विचारणाऱ्याच्या गल्लीतले कुणी ठाऊक नसते. या पद्धतीचे सारे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात. दुसऱ्या प्रकारातल्या, म्हणजे नोंदवही बाळगणाऱ्या सेवा त्यानंतर पुन्हा येऊ लागल्या. 'बोर्डी' (२०२४) हा साहाय्यक फोनवर बोलतो आणि दोन्हीकडून होकार आला तरच ओळख करून देतो. त्याचा भर व्यवसायातल्या ओळखींवर आहे.

प्रत्यक्ष वापर

साहाय्यकाचा सर्वांत मोठा उपयोग माणूस शोधण्याच्या आधीच होतो : आवडीला नाव मिळवून देण्यात. 'मला इतिहास आवडतो' म्हणणाऱ्याला समानधर्मी मिळणे कठीण, कारण ही आवड फार पसरट आहे. साहाय्यक उलट प्रश्न विचारू लागला की ती निवळत जाते. किल्ले, नाणी, शिलालेख की जुनी कागदपत्रे? कागदपत्रे, तर वाचायची आहेत की नुसती पाहायची? वाचायची, तर मोडी येते का? पाच-सात प्रश्नांनंतर 'मला मोडी शिकून घरातले जुने दस्तऐवज वाचायचे आहेत' असे नेमके वाक्य हाती येते, आणि अशा वाक्याला पत्ता असतो. पुण्यात तो १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळापर्यंत जातो. आकाशदर्शनाची ओढ असणाऱ्याला तो १९४४ पासून चालत आलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे नेईल, विज्ञानाची गोडी असणाऱ्याला १९६६ च्या मराठी विज्ञान परिषदेकडे. अशा जुन्या संस्थांविषयी भरपूर लिहिलेले असल्यामुळे त्या साहाय्यकाला सापडतात.

'माझ्यासारखे कोण आहेत?' यापेक्षा 'माझ्यासारखे लोक कुठे आणि कधी जमतात?' हा प्रश्न अधिक फळतो. नाशिकला नव्याने आलेल्या आणि पक्षी पाहण्याची आवड असलेल्या माणसाचे उदाहरण घेता येईल. साहाय्यकाला त्या शहरातल्या पक्षीमित्रांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि ती त्याने सांगूही नयेत. पण जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर हे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आल्याचे २०२० मध्ये जाहीर झालेले, महाराष्ट्रातले पहिले स्थळ आहे, हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात, फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही जगभरची पक्षीगणना होते आणि तिच्या नोंदी 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जातात, हे त्याला सांगता येते. मग काम सोपे होते. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी पहाटे दुर्बीण घेऊन त्या पाणथळीवर गेले की शेजारी दुर्बीण घेतलेला माणूस भेटण्याची शक्यता मोठी, आणि तिथे पहिला शब्द पक्ष्याविषयीच निघतो.

बुजऱ्या माणसांना आणखी एक उपयोग होतो. अनोळखी मंडळाला पहिला निरोप पाठवताना हात अडतो. 'मी नवखा आहे, आलो तर चालेल का?' एवढे लिहायला कित्येकांना आठवडा लागतो. साहाय्यकाबरोबर त्याचा सराव करता येतो. मात्र निरोप संपूर्ण त्याच्याकडून लिहवून घेऊ नये, असे या नोंदलेखकाचे ठाम मत आहे. तसा निरोप गुळगुळीत येतो, वाचणाऱ्याला तो माणूस कळतच नाही, आणि प्रत्यक्ष भेटीत कागदावरचा माणूस आणि समोरचा माणूस जुळत नाहीत. स्वतः चार ओळी खरडाव्या आणि त्यातले फापटपसारा वाटेल तेवढे काढायला साहाय्यकाला सांगावे.

मर्यादा

महाराष्ट्रात छंदाचे गट मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सॲपवर, वाचनालयाच्या फळ्यावर आणि वर्तमानपत्रातल्या 'आजचे कार्यक्रम' या रकान्यात नांदतात. यांतले बहुतेक साहाय्यकाच्या नजरेच्या टप्प्याबाहेर असते. रविवारी सकाळी टेकडीवर जमणारा वाचनगट दहा वर्षे चालू असेल, पण त्याच्याविषयी इंटरनेटवर एक ओळही नसेल. त्यामुळे साहाय्यकाने 'असा गट आढळत नाही' म्हटले तर तो नाहीच, असे समजू नये. उलट धोका याहून वाईट : माहिती नसताना साहाय्यक शोभेलसे नाव, वार आणि पत्ता रचून सांगू शकतो. शोध घेण्याची सोय असलेला साहाय्यक वापरावा, त्याने दिलेले मूळ पान उघडून पाहावे आणि निघण्यापूर्वी फोन करावा.

मैत्रीला लागणारा वेळ यंत्राने कमी होत नाही. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार परिचिताचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणवायला सुमारे ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. दर रविवारी तीन तास भेटणाऱ्या गटात पहिला टप्पा गाठायला चार महिने जातात. दोन भेटींत कंटाळून 'इथे आपले कुणी नाही' असे ठरवणाऱ्याला हे गणित आधीच माहीत असलेले बरे.

सर्वांत गंभीर धोका असा की मध्यस्थच मुक्कामाचे ठिकाण होतो. साहाय्यक केव्हाही हजर असतो, कंटाळत नाही, आणि मोडी लिपीवर रात्री दोन वाजताही बोलतो. ओपनएआय आणि एमआयटी मीडिया लॅब यांनी २०२५ मध्ये सुमारे हजार जणांवर चार आठवडे केलेल्या प्रयोगात, रोजचा वापर जितका अधिक तितका एकटेपणा आणि अवलंबित्व अधिक, आणि माणसांत मिसळणे कमी, असा संबंध दिसला. कशामुळे काय झाले हे त्यावरून ठरत नाही, तरी इशारा पुरेसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने त्याच वर्षी जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो असे म्हटले; एवढ्या माणसांना नुसते बोलणारे यंत्र देऊन भागणार नाही. या कामासाठी साहाय्यक उघडताना 'या आठवड्यात मला कुठे जाता येईल?' असा, घराबाहेर नेणारा प्रश्न घेऊन बसावे.

सुरक्षितता

साहाय्यकाला आवड, शहर आणि मोकळा वेळ सांगणे पुरते. घरचा पत्ता, कामाचे ठिकाण किंवा दुसऱ्याचे नाव-नंबर सांगण्याची गरज नसते. नोंदवही बाळगणाऱ्या सेवांच्या बाबतीत माहिती कुठे साठते आणि ती पुसता येते का, हे आधी पाहावे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक धरली आहे. पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी आणि शक्यतो गटात घ्यावी. घरी कुणाला तरी सांगून जावे.

परदेशातील मराठी भाषक आणि मंडळांची बाजू

परदेशी मराठी माणसाला दोन चाळण्या एकदम लावाव्या लागतात : भाषा आणि छंद. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. पण गणपतीला भेटणाऱ्या शेकडो जणांत आपल्यासारखा नाट्यसंगीतवेडा कोण, हे मंडळाच्या पानावरून कळत नाही. इथे साहाय्यक मंडळापर्यंत नेतो, पुढचे मंडळातल्या जुन्या सभासदालाच विचारावे लागते.

मंडळे आणि गट यांनाही आपल्या बाजूने थोडे करता येते. साहाय्यक वाचू शकेल असे एक उघडे पान, मराठीत आणि चित्ररूपात नव्हे तर मजकुराच्या रूपात, ठेवले तरी पुष्कळ होते. त्यावर जमण्याचा वार, वेळ, ठिकाण, वर्गणी, संपर्काचा नंबर, मजकूर शेवटचा कधी बदलला ती तारीख, आणि नवख्यांनी यावे की नाही हे स्पष्ट सांगणारी एक ओळ असावी. अनेक गटांच्या जाहिरातीत नेमकी हीच ओळ नसते.