रुकी ऑफ द इयर वेगळं, टॉप १०० वेगळं

दर वर्षी तेच. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, एखादा नवा क्वार्टरबॅक (पास टाकून टीम चालवणारा) चमकला की आमच्या ह्यूस्टनच्या मराठी ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "रुकी ऑफ द इयर मिळालं बघा, आता सगळे प्लेअर्स मानतात त्याला." अरे पण ते रुकींचं, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूंचं, अवॉर्ड प्लेअर्स देतच नाहीत! प्लेअर्सची मतं असतात ती टॉप १०० ला, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम शंभर खेळाडूंच्या यादीला. आमच्या टेक्सन्स टीमचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडच्या वेळी हे इतक्यांदा वाचलं की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

रुकी ऑफ द इयर तुम्हाला माहितीये. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं ५० जणांचं पॅनेल, त्यात पत्रकार आणि टीव्हीवर बोलणारी मंडळी, रेग्युलर सीझन संपला की मतं देतात. स्ट्राउडला २०२३ च्या सीझनसाठी पहिल्या पसंतीची ५० पैकी ४८ मतं पडली. विषय संपला.

टॉप १०० ही यादी २०११ पासून येते, सुरुवात एनएफएल नेटवर्क या टीव्ही चॅनेलवर झाली, आणि मतं लीगमधल्या खेळाडूंची. सगळेच मत देतात असं नाही, पण जे देतात ते खेळणारे असतात. त्यामुळे "एनएफएलने स्ट्राउडला विसावा नंबर दिला" असं म्हणू नका प्लीज, २०२४ च्या यादीतला तो विसावा नंबर प्लेअर्सनी दिला. आणि २०२४ ची यादी म्हणजे २०२३ चा खेळ, इतकं लक्षात ठेवलं की वर्षाचा घोळ मिटतो.

आता खरी मेख. इथपर्यंत सगळे मान डोलावतात आणि मग म्हणतात, मत कोणी का देईना, चांगला खेळला म्हणून दोन्हीकडे नाव आलं, फरक काय पडतो? पडतो, खूप पडतो. रुकी ऑफ द इयरमध्ये तुमची तुलना फक्त त्या वर्षीच्या नव्या पोरांशी होते. वर्गात पहिला येणं ते. टॉप १०० म्हणजे बोर्डात येणं, तिथे दहा-दहा वर्षं हाडं झिजवलेली माणसं तुमच्याच रांगेत असतात. आणि पेपर तपासणारे कोण, तर ज्यांनी तुम्हाला पाडायला आठवडाभर व्हिडिओ बघितले ते. स्टॅटशीटवर ४,१०८ यार्डांचे पास, २३ टचडाउन, फक्त ५ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) हे मला पण घरबसल्या दिसतं. पण हा पोरगा नजरेने सेफ्टीला (मागे उभ्या बचावपटूला) एका बाजूला ओढतो आणि बॉल दुसरीकडे टाकतो का, ब्लिट्झ, म्हणजे जादा डिफेन्सवाले, अंगावर येताना पाय जागेवर ठेवतो का, सॅक खाऊन, म्हणजे बॉलसकट पाडला जाऊन, उठल्यावर पुढच्या स्नॅपला (पुढच्या डावाला) घाबरतो का, हे समोर उभ्या असलेल्या डिफेन्सवाल्याला जितकं कळतं तितकं प्रेस बॉक्समधून नाही कळत.

५ नोव्हेंबर २०२३ ची टॅम्पा बेविरुद्धची मॅच घ्या. ४७० यार्ड आणि ५ टचडाउन, रुकीसाठी एका मॅचमधल्या यार्डांचा रेकॉर्ड, हे सगळे सांगतात. मला लक्षात आहे ते शेवटचं. टॅम्पाने ४६ सेकंद उरलेले असताना टचडाउन करून ३७-३३ अशी आघाडी घेतली, आपला किकर जखमी होऊन बाहेर, आणि तसंही तीन पॉइंटांचा फील्ड गोल मारून भागणार नव्हतं कारण चार पॉइंट मागे होतो आणि जायचं होतं ७५ यार्ड. पोराने टीम पुढे नेली, आणि ६ सेकंद राहिलेले असताना टँक डेलला १५ यार्डांचा टचडाउन पास. ३९-३७. त्या ४० सेकंदांत समोरच्या अकरा जणांना जे वाटलं असेल ना, मान तिथे मिळतो.

अजून पटत नसेल तर हे बघा. डॅक प्रेस्कॉट आणि कायलर मरी, दोघेही क्वार्टरबॅक, दोघांनाही रुकी ऑफ द इयर मिळालं, ट्रॉफी तीच. पण खेळाडूंच्या यादीत डॅक २०१७ ला १४ वा आणि मरी २०२० ला ९० वा! उलट रुकी क्वार्टरबॅक मॅक जोन्सला ट्रॉफी मिळाली नाही, ती जामार चेसला गेली, तरी २०२२ च्या यादीत मॅक ८५ वा होताच.

प्रो बोलचं, म्हणजे लीगच्या ऑल-स्टार निवडीचं, विचाराल तर त्यात फॅन्स, कोच आणि खेळाडू यांचा एक-एक तृतीयांश वाटा, वर कोणी माघार घेतली की बदली नावं येतात, स्ट्राउड त्या वर्षी असाच आत आला. मी प्रो बोल मोजतच नाही.

आणि कॅप्टनच्या जर्सीवरचा सी? तो आपल्याच लॉकर रूमचा मान. स्ट्राउडला सीझन सुरू व्हायच्या आधीच टेक्सन्सने कॅप्टन केलं होतं, तेव्हा त्याने लीगमध्ये एकही खरी मॅच खेळलेली नव्हती. नुसती प्रॅक्टिस बघून घरच्यांनी विश्वास टाकला, बाहेरच्यांनी मानायला अख्खा सीझन घेतला.