खारपाणपट्टा, चोपण माती आणि बाटलीतले जिवाणू

विदर्भातल्या पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांना जिवाणू खत नवे नाही. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेले रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी बांधणारे जिवाणू, हलक्या हाताने चोळायचे, बी सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे, हे दोन पिढ्यांना पाठ आहे. नवा आहे तो बाटलीवरचा मजकूर. आधी हवेतले नत्र देणारे, स्फुरद मोकळे करणारे जिवाणू मिळत. आता ‘क्षार सहन करण्यास मदत करणारे’ जिवाणूही मिळतात. हा दावा पोकळ नाही. पण तो ज्या मातीत सिद्ध झाला ती माती वेगळी, आणि आपल्या वावरातली वेगळी. हा फरक कुठून आला, हे सांगण्यासाठी ही पार्श्वभूमी.

मुळाभोवती राहून पिकाची वाढ सुधारणाऱ्या जिवाणूंना एक गट म्हणून नाव मिळाले १९७८ मध्ये. त्याच वर्षी जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूत एक विकर (एन्झाइम) सापडले. तेव्हा त्याचा खाऱ्या जमिनीशी कुणी संबंध जोडला नव्हता. तो जोडला गेला पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत. झाडाला ताण आला की ते इथिलीन नावाचा वायू तयार करते. फळे पिकवणारा हाच तो वायू. मुळात तो वाढला की मूळ लांबायचे थांबते. इथिलीन ज्या कच्च्या मालापासून बनते तो मुळातून बाहेर झिरपतो, आणि हे विकर असलेले जिवाणू तो खाऊन टाकतात. त्यांना नत्र मिळते, झाडात इथिलीन कमी बनते, मूळ वाढत राहते. हा सगळा आराखडा १९९८ मध्ये मांडला गेला. २००४ मध्ये इस्राएलच्या कोरड्या, खारट भागातून काढलेल्या एका जिवाणूने मिठाचे पाणी दिलेली टोमॅटोची रोपे तगवली, आणि तिथून या विषयाला जोर आला.

आणखी दोन वाटा सापडल्या. काही जिवाणू मुळाभोवती बुळबुळीत चिकट थर सोडतात. त्यात सोडियम अडकतो, शिवाय मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. २००८ मध्ये बॅसिलस नावाच्या जिवाणूच्या एका वाणाबद्दल असे दिसले की तो मुळातली सोडियम आत घेणारी यंत्रणाच मंदावतो. तो प्रयोग प्रयोगशाळेतल्या एका छोट्या रानरोपावर झाला होता, पिकावर नव्हे.

यातल्या बहुतेक प्रयोगांची रीत एकच होती. कुंडी किंवा ट्रे घ्यायचा, त्यात साधे मीठ विरघळवलेले पाणी घालायचे, जिवाणू दिलेली आणि न दिलेली रोपे शेजारी वाढवायची. मीठ किती घातले ते ठाऊक असते, म्हणून निकाल स्वच्छ येतो. पूर्णाकाठचा शेतकरी मात्र पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, मिठाचे पाणी देत नाही. विहिरीचे पाणी खारे आहे म्हणूनच तो ते देत नाही. त्याचे वावर पावसावर पिकते. मग त्याच्या पिकाला ‘क्षाराचा ताण’ येतो कुठून?

इथे ‘खारपाण’ हा शब्द सोडवून घ्यावा लागतो, आणि मला वाटते या विषयातला निम्मा घोटाळा या एका शब्दात आहे. खारपाण म्हणजे खारे पाणी. शब्द पाण्याबद्दल बोलतो, जमिनीबद्दल नाही. जुनी इंग्रजी गॅझेटियरे सांगतात की अकोल्याच्या उत्तरेला दहीहांडा भागात खाऱ्या विहिरींतून मीठ काढले जाई. इंग्रजी अमलात तो धंदा बंद झाला. म्हणजे मीठ होते ते विहिरीच्या तळाशी, खोल गाळातल्या पाण्यात. त्या पाण्यावरून पट्ट्याला नाव पडले, पट्ट्यावरून जमिनीला, आणि आज ‘आमची जमीन खारपाण’ असे सर्रास म्हटले जाते. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पण तोच शब्द अहवालात, योजनेत, बियाण्याच्या पिशवीवर आणि जिवाणूच्या बाटलीवर आला की तो ‘क्षारयुक्त’ असा होतो. चूक तिथे शिरते.

मृदाशास्त्रात क्षारयुक्त जमीन आणि चोपण जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, उन्हाळ्यात वर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते, आणि गंमत म्हणजे अशा जमिनीतून पाणी बरे निचरते. चोपण जमिनीत मोकळे मीठ फारसे नसते, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. ओली झाली की ती फुगते, कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच तुंबते. वाळली की दगड. पूर्णेच्या खोऱ्यातली पुष्कळशी काळी माती या दुसऱ्या जातीची आहे, आणि तीही लपलेली. वरचा वीतभर थर चांगला दिसतो, तिफन चालते, बी उगवते. चोपणपणा खालच्या थरात असतो. पांढरे काही दिसत नाही, म्हणून बाहेरून आलेला माणूस जमिनीला भारी, कसदार म्हणून जातो.

चोपण कोणत्या जमिनीला म्हणायचे, याची रेघ १९५४ मध्ये अमेरिकेत आखली गेली. मातीच्या कणांवर बसलेल्या एकूण विनिमयक्षम (अदलाबदल होऊ शकणाऱ्या) घटकांत सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला तर जमीन चोपण. ती रेघ आपल्याकडच्या पुस्तकांत तशीच उतरली. १९९० च्या दशकात पूर्णाखोऱ्यात खड्डे घेऊन मातीची जी तपासणी झाली, तिच्यातून दिसले की इथे सोडियम ५ टक्क्यांच्या आसपास पोहोचला तरी पाणी मुरायचे मंदावते. कारण ही माती निम्म्याहून अधिक बारीक चिकणमातीची, आणि ती चिकणमातीही फुगणाऱ्या जातीची. सोडियम कुठून वाढला, याचेही उत्तर मिळाले. कमी पावसाच्या हवामानात मातीतला चुना खड्यांच्या रूपात साकळतो, कॅल्शियम त्यात अडकून पडतो आणि कणांवरच्या मोकळ्या जागा सोडियम घेतो. खणताना लागणारी चुनखडी ती हीच.

म्हणजे कागदावर जी जमीन ‘चोपण नाही’ आणि बोलण्यात जी ‘खारपाण’, ती प्रत्यक्षात निचरा हरवलेली जमीन आहे. अशा जमिनीवर ‘क्षारयुक्त जमिनीसाठी’ असे लिहिलेले औषध आले, तर त्याला गुण आला की नाही हे तपासायचे तरी कशावर?

माझे मत असे की याने जिवाणूंचे महत्त्व कमी होत नाही. त्यांच्याकडे मागायचे काम बदलते. श्रावणात झड लागली की पाच-सहा दिवस वावर चिबडते. मुळांना हवा मिळत नाही, तूर पिवळी पडते, पऱ्हाटी उभ्या उभ्या मलूल होते. गुदमरलेल्या मुळाशीही तेच इथिलीन वाढते. इथिलीनचा कच्चा माल खाणारे जिवाणू पाण्यात बुडालेल्या टोमॅटोलाही मदत करतात, हे २००१ मध्येच दाखवले गेले होते. आपल्या पट्ट्यासाठी मिठाच्या कुंडीपेक्षा तो प्रयोग जवळचा. पण बाटलीवर ‘चिबड सहन करण्यासाठी’ असे कुणी लिहीत नाही, कारण पट्ट्याचे नावच खारपाण आहे.

दुसरी गोष्ट चुन्याची. मुळे आणि जिवाणू श्वास घेतात, त्यातून निघणारा वायू ओल्या मातीत सौम्य आम्ल बनतो, आणि ते आम्ल चुनखडी थोडी थोडी विरघळवते. सुटलेला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतो. ढेंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याआधी गाडले की चोपण जमीन भुसभुशीत होते, त्यामागे हेही एक कारण आहे. जिप्सम हे कॅल्शियम असलेले खनिज हेच काम पटकन आणि मोजून करते, म्हणून शिफारशींत जिप्सम पहिले येते. पण सुटलेला सोडियम खाली वाहून जायला वाट लागते. ती रुंद वरंबा-सरीने मिळते, चरीने मिळते, जिवाणूने मिळत नाही. जिवाणूला जिप्समचा पर्याय म्हणून विकणे शेतकऱ्याच्या पैशांशी खेळणे आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

सरकारी बाजूने दोन टप्पे महत्त्वाचे. २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्याआधी पाकिटात काय भरले आहे याला कायद्याने धरबंद नव्हता. आता भुकटीत ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात मिलीलिटरमागे १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, असे माप ठरले. निर्णय योग्यच होता. पण त्या मापात संख्या होती; मिठात, चोपणात किंवा तुंबलेल्या पाण्यात किती टिकतात याची कसोटी नव्हती. आणि संख्या कारखान्यातून निघताना भरते. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात महिनाभर पडलेल्या पाकिटात ती किती उरते, हे पेरणाऱ्याला कळत नाही.

दुसरा टप्पा २०१८ चा. जागतिक बँकेच्या कर्जातून हवामान बदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीचा राज्याचा प्रकल्प सुरू झाला, त्यात पूर्णाखोऱ्यातली ९३२ गावे खारपाण म्हणून वेगळी धरली गेली. शेततळी, तुषार संच, रुंद वरंबा-सरी अशा कामांना त्यातून पैसा आला. पट्ट्याची अशी वेगळी दखल घेतली गेली, म्हणून हे मोठे पाऊल. तरी ९३२ गावांना एकच शब्द लावल्याने दर्यापूरकडची खोल चोपण माती आणि सातपुड्याच्या पायथ्याकडची निचऱ्याची माती एका शिक्क्याखाली आल्या. एका गावात दोन शेजारच्या वावरांतही खालचा थर वेगळा निघतो.

उत्तर प्रदेशातल्या ऊसर जमिनीतून निवडलेले जिवाणू देशात आधी तयार झाले, ते तिथे भात-गव्हाला लागू पडले. ऊसर चोपणच, पण तिची माती हलक्या गाळाची, फुगणारी नव्हे. तिथून बाटली आणून इथे ओतण्यापेक्षा पूर्णाकाठच्या तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळावर आधीपासून तग धरून असलेले जिवाणू निवडून वाढवणे हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. इथल्या कृषी संशोधनाने कडधान्यांच्या जिवाणूंवर पुष्कळ काम आधीच केलेले आहे, पाया तयार आहे.

याआधीचा इतिहास थोडक्यात. कडधान्याच्या गाठींतला जिवाणू १८८८ मध्ये वेगळा काढला गेला, आठ वर्षांत युरोपात तो विकायलाही आला. मुळाभोवतीच्या मातीला स्वतंत्र नाव १९०४ मध्ये मिळाले. भारतात या जिवाणूंचा अभ्यास १९२० पासून आणि विक्रीसाठी उत्पादन १९५६ पासून. क्षाराचा विचार या साऱ्यात फार उशिरा आला, आणि आला तेव्हा एक जुनी गोष्ट पुन्हा समोर आली: गाठीचा जिवाणू स्वतः पिकापेक्षा जास्त खारटपणा सोसतो. अडते ते गाठ बांधताना, कोवळ्या मुळाच्या केसावर. हरभरा तर क्षाराला फारच नाजूक.

म्हणून पाहायचे ते मुळाशीच. झड उघडल्यावर आठवड्याने तुरीचे झाड मातीसकट खणून काढावे, उपटू नये. उपटले की गाठी जमिनीत राहतात. गाठ नखाने चिरली की आत गुलाबी असेल तर ती काम करते आहे, हिरवट किंवा करडी असेल तर नाही. जिवाणू लावलेल्या आणि न लावलेल्या ओळींतली पाच-पाच झाडे, वरच्या वीतभर थरातल्या गाठी वेगळ्या आणि खालच्या वेगळ्या मोजायच्या. त्यासोबत तेवढ्याच खोलीची मूठभर माती तपासणीला द्यायची, आणि प्रयोगशाळेला विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या विद्युत वाहकतेबरोबर विनिमयक्षम सोडियमही काढून मागायचा.