हॉल भरला की वाय-फाय का बसतं?

नाटकाचं मध्यंतर होतं, दिवे लागतात आणि शेकडो फोन एकदम खिशातून बाहेर येतात. पणजी, फोंडा, मडगाव, कुठलंही भरलेलं नाट्यगृह घ्या. वाय-फायच्या दांड्या पूर्ण, पण फोटो काही जात नाही. ‘रेंज कमी पडते, आणखी दोन राऊटर लावा,’ असं कोणीतरी हमखास सुचवतं. खरं तर रेंज भरपूर असते आणि ती भरपूर असणं हीच अडचण असते.

वाय-फायच्या एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकानंच बोलायचं असतं. फोन आधी कानोसा घेतो, हवा मोकळी दिसली की आणखी क्षणभर थांबतो आणि मगच बोलतो. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया. एकाच चॅनलवरचे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या पेट्या, एकमेकांना ऐकू येत असतील, तर तेही एकमेकांसाठी थांबतात. पेट्या दोन झाल्या तरी वेळ एकाचाच.

वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यामध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. म्हणजे एका मोकळ्या हॉलमध्ये या पट्ट्यातली चौथी पेटी जवळपास शोभेचीच. 5 गिगाहर्ट्झमध्ये 20 मेगाहर्ट्झचे वीसहून जास्त चॅनल मिळतात, त्यामुळे गर्दी तिकडे वळवायची. जाहिरातीतला वेग पाहून तिथं 80 मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल ठेवला, तर चार चॅनल एकाच पेटीनं खाल्ले.

म्हणून गर्दीच्या जागी कसब असतं ते प्रत्येक पेटीला कमी ऐकू येईल असं बघण्यात. पॉवर उतरवायची. ती वाढवून तसाही उपयोग नसतो, कारण पेटी कितीही ओरडली तरी फोनचा आवाज बारीकच राहतो. सगळ्यात संथ वेगही बंद करायचे. प्रत्येक पेटी सेकंदाला साधारण दहा वेळा आपल्या नेटवर्कचं नाव पुकारते, तेही ठेवलेल्या सर्वात कमी वेगानं, म्हणजे हवा जास्त वेळ अडवून. पाहुण्यांसाठी एक नाव, ऑफिससाठी दुसरं, कॅमेऱ्यांसाठी तिसरं असं केलं की पुकारेही तिप्पट होतात.

ताळगावच्या इनडोअर स्टेडियमसारख्या उंच छताच्या जागी चहूकडे पसरणारा अँटेना वर टांगला, तर त्याला अख्खं स्टेडियम ऐकू येतं. तिथं चपटा, एकाच दिशेचा पॅनल अँटेना लावून तो खालच्या ठरावीक खुर्च्यांवर रोखतात. त्याहून मजेशीर युक्ती म्हणजे पेटी थेट खुर्चीखाली बसवायची. माणसाचं शरीर बहुतांश पाणी, ते या लहरी चांगल्याच शोषून घेतं. प्रेक्षक बसले की त्यांचीच भिंत होते, पेटी आसपासच्या काही रांगांपुरती उरते आणि थोड्या अंतरावर तोच चॅनल पुन्हा वापरता येतो.

याच कारणानं रिकाम्या हॉलमध्ये घेतलेली चाचणी फसवी ठरते. सकाळी मोकळ्या मंगल कार्यालयात सगळं झकास चालतं, आणि मुहूर्ताला माणसं दाटली की आकडे पार बदलतात. हॉल आणि जेवणाच्या पंगती यांच्यामध्ये चिऱ्याची जाड भिंत असेल तर मात्र नशीब समजा. अलीकडचा चॅनल पलीकडे बिनधास्त वापरावा. डेकोरेटरवर तेवढी नजर ठेवा. त्यानं पॅनलसमोर चंदेरी फॉइलचा पडदा ताणला, तर लहरी तिथूनच परत फिरतात.