वावर, सातबारा आणि विलायत

वऱ्हाडातल्या एखाद्या गावात पोरगं परदेशी शिकायला निघालं की घरातला पहिला प्रश्न विद्यापीठाचा नसतो. 'वावर इका लागते का मंग?', म्हणजे शेत विकावं लागेल का, हा असतो. पोराला तो टोमणा वाटतो. पण या प्रश्नाला इथं शंभर वर्षांचा इतिहास आहे.

१९२० साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा विलायतेला गेला. तेव्हा नागपूर विद्यापीठसुद्धा नव्हतं, ते १९२३ मध्ये आलं. हा मुलगा म्हणजे पंजाबराव देशमुख. एडिंबरा, मग ऑक्सफर्डची डॉक्टरेट, सोबत बॅरिस्टरी, असं सगळं करून ते १९२६ मध्ये परतले. पुढे अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, देशाचे कृषिमंत्री झाले. त्यांच्या वडिलांनी पोरासाठी जमीन गहाण टाकली, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. सांगणाऱ्याचा रोख बहुतेक वेळा बापाच्या मोठ्या मनाकडे असतो. मला त्यात दुसरंही दिसतं. तेव्हा वावराच्या भरवशावर रोख पैसा मिळत होता. सावकार नाडत असेल, पण जमीन घेऊन पैसे देत होता.

ज्यांच्याकडे गहाण टाकायला वावरच नव्हतं, त्यांच्यासमोर वेगळं उदाहरण होतं. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. नागपूरच्या १९५६ च्या दीक्षेनंतर विदर्भातल्या घराघरांत त्यांचा फोटो लागला. त्या घरांत परदेशी शिक्षण ही श्रीमंतांची हौस राहिली नाही. मजुरी करणारी माय 'बाबासाहेब गेले होते ना' एवढं बोलून पोराच्या पाठीशी उभी राहते, हे मी कितीदा पाहिलं आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे, पण जागा ७५. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या १२५, त्याही अख्ख्या देशासाठी.

बाकीच्यांसाठी उरतं बँकेचं कर्ज, आणि खरी गुंतागुंत इथं सुरू होते. शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना २००१ मध्ये आली. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं असेल तर बँक तारण मागते, आणि ब्रिटनमधलं एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण सहज २५-३० लाखांवर जातं. बाप सातबारा घेऊन बँकेत जातो. साहेब कागद बघतो आणि मान हलवतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना तारण परस्पर जप्त करून विकायचा अधिकार दिला, पण कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याचं वावर वाचावं म्हणून ठेवलेली ही तरतूद. तिचा दुसरा परिणाम असा की शैक्षणिक कर्जाला शेतजमीन नको, असं बँका सरळ सांगतात. जमीन वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, किंवा आदिवासीची असेल तर बोलणंच नाही. घर दाखवावं तर ते गावठाणात, हातात फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा. ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना आली तीच २०२० मध्ये.

मग तालुक्याला प्लॉट असलेला मामा शोधायचा, नाहीतर पगारदार काका. घरच्यांचा पाठिंबा म्हणतात तो बऱ्याचदा या मामाच्या सहीत अडकलेला असतो. त्याच्या मनात धाकधूक असते, 'पोट्टं तिकडेच राह्यलं तं?' मुलगी असेल तर त्यात 'आधी लग्नाचं पाहा' हेही येतं, आणि मामीचं मत मामापेक्षा जड पडतं.

हल्ली वाट थोडी माहितीची झाली आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले राजू केंद्रे २०२१ मध्ये ब्रिटन सरकारच्या चिवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. त्यांनी आधीच उभी केलेली एकलव्य ही संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या पिढीच्या मुलांना मोठ्या संस्थांच्या प्रवेशाची तयारी करून देते. अशी मुलं अर्जातला निबंध कसा लिहायचा, शिफारसपत्र कोणाकडे मागायचं हे एकमेकांना सांगतात. शहरातल्या घरात हे जेवताना कानावर पडतं, गावात ते विचारत फिरावं लागतं.

तिकडे ब्रिटनला पोचल्यावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. पोरं हॉटेलात भांडी घासतात आणि घरी व्हिडिओ कॉल लावताना फोन ग्रंथालयाकडे वळवतात. आई विचारते, जेवला का. तो हो म्हणतो.

शेवटची अडचण हंगामाची. ब्रिटनचं सत्र सप्टेंबरात सुरू होतं. प्रवेशाची आगाऊ रक्कम, व्हिसाची फी, खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून असल्याचा पुरावा, हे सगळं जून-जुलैत येतं. म्हणजे बियाणं आणि खत उचलून घर रिकामं झालेलं असतं तेव्हा. कापूस विकून पैसा हाती येतो तो दिवाळीनंतर. काही मुलं म्हणून जानेवारीची बॅच धरतात. ती कापसाच्या पैशाला जुळते, पण चिवनिंगसारखी शिष्यवृत्ती सप्टेंबरच्याच सत्राला मिळते.