चादर (चद्दर)

अंथरण्याचे वा पांघरण्याचे लांबरुंद, न शिवलेले वस्त्र. स्त्रीलिंगी, अनेकवचन चादरी. महाराष्ट्रात अन्यत्र चादर म्हटली की गादीवर घालायचे पातळ कापड डोळ्यांसमोर येते. सोलापुरात नुसते ‘चद्दर’ म्हटले तर जाड सुती पांघरूणच समजावे. दर्ग्यावर चढवायची, पत्र्याची, पाण्याची हे अर्थ लक्षणेने आलेले.

व्युत्पत्ती : शब्द फारसीतून आला याविषयी दुमत नाही. बहमनी राजवटीपासून (१३४७) मराठीत शिरलेल्या फारसी शब्दांतच तो असावा. फारसीत त्याचा अर्थ स्त्रियांचे अंगभर वस्त्र, तसाच तंबूही. वाद आहे तो त्यापलीकडचा. संस्कृत ‘छद्’ (झाकणे) या धातूशी, विशेषतः ‘छत्र’ या शब्दाशी, काही जण त्याचा संबंध जोडतात. ‘छ’चा ‘च’ होण्यात अडचण नाही, कारण फारसीत महाप्राण (ख, घ, छ यांसारखी) व्यंजने नाहीत. परंतु ‘छत्र’ फारसीत ‘चत्र’ या रूपाने आणि छत्री याच अर्थाने वेगळा नांदतो. एकच शब्द दोनदा, दोन काळांत उसना घेतला गेला असे म्हणता येईल. मात्र मध्य फारसीतील ‘चादुर’च्या मागे जाणारा पुरावा नसताना तसे मानणे धाडसाचे होईल.

‘चद्दर’ हे रूप अधिक विचार करण्याजोगे आहे. मराठीची चाल उलटी : प्राकृतातले द्वित्त (दुहेरी व्यंजन) सुटते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो (हत्थ–हात, सत्त–सात, कम्म–काम). येथे दीर्घ स्वर ऱ्हस्व होऊन व्यंजन दुणावले. दखनीत (दख्खनच्या उर्दूत) हे नित्याचे आहे : सोना–सुन्ना, चूना–चुन्ना. आदिलशाही आणि निजामशाही यांच्या ओढाताणीत राहिलेल्या सोलापुरात हे वळण दखनीतून आले असण्याचा संभव अधिक. हिंदीतही ‘चद्दर’ असल्याने यावर फार जोर देऊ नये. शहरातील तेलुगूभाषक विणकरांचा घरगुती शब्द ‘दुप्पटि’. मराठी दुपटे त्याचेच सगोत्र.

चादर रुळली तरी पांघरूण, अंथरूण, पासोडी (जाडेभरडे पांघरूण) हे जुने शब्द मागे हटले नाहीत. संतकवी दासोपंतांनी अंबेजोगाईस आपली रचना लिहिली ती पासोडीवरच. हिंदी म्हणीत पाय चादर पाहून पसरतात, मराठीत अंथरूण पाहून.

उत्पादन : सोलापुरात कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली (‘जुनी गिरणी’). मागाचा धंदा मुख्यतः तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने वाढवला. जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेल्या या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, रंग मात्र उलटे. टेरी टॉवेलबरोबर तिला २००५-०६ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नोंदीतही रूप ‘चद्दर’ असेच आहे.