दात आधी सुकवा, मग बघा

नीटचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. एमबीबीएस हुकतंय, बीडीएस घेऊ का? आणि त्याच्या मागोमाग, पण त्यात काय एवढं हो, दात काढायचे, सिमेंट भरायचं, कॅप बसवायची, याला चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप कशाला? मी या प्रश्नावर चिडत नाही, कारण आपला अभ्यासक्रमही बराचसा त्याच समजुतीवर उभा आहे. बिघडलेल्या दाताचं काय करायचं हे तिथे झकास शिकवतात. तो बिघडायला लागलाय हे ओळखायचं कसं, ते मात्र एखाद्या लेक्चरमध्ये उरकतं.

२०२३ मध्ये दंतशिक्षणाचे नियम ज्यावर चालत त्या १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टच्या जागी नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा आला, म्हणजे नव्याने काही मांडायचं तर हीच वेळ. 'कम्युनिटी ओरिएंटेड' वगैरे शब्द सगळेच वापरतात, माझी मागणी त्यामानाने बारीक आहे. पोरांना पहिल्या वर्षापासून पांढरा डाग बघायला शिकवा, आणि तो कॉलेजच्या खुर्चीवर नाही, बालवाडीत जाऊन.

आता हा पांढरा डाग म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण मला यातलं सगळ्यात भारी प्रकरण हेच वाटतं. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने साधारण ९६ टक्के खनिज असतं, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट नावाचं, त्यात कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल. आपण गोड किंवा मैद्याचं काही खाल्लं की दातावरच्या थरातले जिवाणू त्याचं आम्ल करतात, पाच-दहा मिनिटांत तिथला पीएच धाडकन खाली येतो, आणि तो साधारण ५.५ च्या खाली गेला की आम्लातले हायड्रोजन आयन फॉस्फेटला आणि हायड्रॉक्सिलला जाऊन चिकटतात, आजूबाजूच्या द्रावात त्यांचा तुटवडा पडतो आणि तो भरून काढायला खनिज विरघळायला लागतं. मग लाळ कामाला लागते, तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, कॅल्शियम-फॉस्फेट परत जागेवर बसायला लागतं, पण हे सगळं पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास जातो. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर दोन लाडू एकदम खाणारा परवडला, पण दर तासाला कटिंग आणि त्याबरोबर एक बिस्किट घेणाऱ्याच्या लाळेला उसंतच मिळत नाही.

गंमत अशी की खनिज आधी वरच्या पापुद्र्यातून जात नाही, त्याच्या खालून जातं. पापुद्र्याला लाळेतलं आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड सावरून धरतं, आणि खाली इनॅमल स्पंजासारखं नाही पण बारीक बारीक छिद्रांचं होत जातं. खड्डा नाही, दुखणं नाही, काळं काही नाही, एक्स-रेवरही बहुतेक वेळा काही नाही. मग ते दिसणार कसं? इथे प्रकाशाचं गणित येतं. शाळेत शिकलेला अपवर्तनांक आठवा. चांगल्या इनॅमलचा १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १. छिद्रांत लाळ भरलेली असते तेव्हा इनॅमल आणि पाणी यांच्यातला फरक कमी, प्रकाश फारसा विखुरत नाही, दात नॉर्मल दिसतो. त्याच दातावर पाच सेकंद वारा मारा. छिद्रांतलं पाणी उडून हवा शिरते, फरक १.६२ विरुद्ध १ असा होतो, प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि हिरडीच्या कडेने खडूसारखा पांढरा पट्टा उमटतो. बाथरूमची दुधी काच खरखरीत बाजूने ओली केली की आरपार दिसायला लागतं ना, त्याच्या बरोबर उलट. याच्यातून खोलीचा अंदाजही मिळतो, म्हणजे सुकवल्यावरच दिसणारा डाग वरवरचा, ओल्या दातावरही दिसणारा जास्त आत गेलेला.

आणि हा डाग थांबवता येतो! ड्रिल न लावता. फ्लोराइड मिळालं, खाण्याच्या वेळा कमी झाल्या, तर खडूसारखा खरखरीत डाग हळूहळू कडक आणि चकचकीत होतो. उलट टोकदार प्रोब, म्हणजे दात तपासायची बारीक सळई, त्यात खुपसून 'अडकतोय का' बघितलं तर तो नाजूक पापुद्राच फुटतो आणि जिथे खड्डा नव्हता तिथे आपणच पाडतो. म्हणून आता गोल टोकाचा प्रोब हलकेच फिरवायचा असं सांगतात. मी शिकलो त्या कॉलेजात 'खट्ट करून अडकला की केव्हिटी' हेच डोक्यात बसवलं होतं, आणि वर कोटा. इतकी फिलिंग, इतके दात काढले, इतक्या कवळ्या, तेवढ्या सह्या झाल्याशिवाय परीक्षेला बसता यायचं नाही. मग पोरं वॉचमनला, कामवाल्या मावशींना, मामाच्या सासऱ्यांना पेशंट म्हणून आणायची. आता सांगा, जिथे फिलिंग मोजली जातात तिथे कोणता विद्यार्थी पांढरा डाग बघून 'हा भरायचा नाही, थांबवायचा' म्हणेल?

जाता जाता. कानातली-दातातली कीड काढून देणारे अजून फिरतात, रिंगणीच्या बियांची धुरी देतात आणि वाटीतल्या पाण्यात पांढरे किडे पडलेले दाखवतात. दात खराब करणारे जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपासचे असतात, ते वाटीत वळवळताना डोळ्यांना दिसणं शक्य नाही, ती निव्वळ हातचलाखी. तितकीच हातचलाखी कोळशाच्या टूथपेस्टने दात 'डिटॉक्स' करणाऱ्या रील्समध्ये असते, फक्त कॅमेरा चांगला असतो.

तर अभ्यासक्रम. एमबीबीएसच्या मुलांना हल्ली काही कुटुंबं दत्तक देतात, तसं बीडीएसला एक बालवाडी द्या, मानखुर्द, गोवंडी, धारावी, जिथे असेल तिथे, आणि चार वर्षं तीच. एक दिवसाचा कॅम्प, बॅनर, फोटो, फुकट ब्रश, याने काहीच कळत नाही. तिथे गेलं की पुस्तकातले सल्ले कसे आपटतात ते कळतं. 'रात्री ब्रश करा' म्हणणं सोपं, पण नळाला पाणी पहाटे येतं आणि रात्री पिंपातलं मोजून वापरायचं असतं. पण फ्लोराइडची पेस्ट थुंकायची असते, चुळा भरायच्याच नसतात, कारण चुळेबरोबर फ्लोराइड निघून जातं! म्हणजे पाणी कमी लागणं इथे फायद्याचंच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. हे त्या आईला मोरीपाशी उभं राहून दाखवलं तर पटतं, आणि तिच्याकडून हेही कळतं की ती कामावर असते तेव्हा पोराला गप्प करायला शेजारची आजी पाच रुपयांचं चॉकलेट किती वेळा देते. हा दिवसाचा हिशोब काढणं म्हणजे निदानच आहे, त्याला मार्क हवेत.

मार्कांचाच खरा घोळ आहे. फिलिंगची सही एका दुपारी होते, डाग चकचकीत व्हायला काही महिने लागतात आणि तोवर टर्म संपते. म्हणून मुलांच्या दातांचे फोटो दर सहा महिन्यांनी, त्याच कोनातून, दात सुकवून काढायचे आणि व्हायव्हा त्यावरच घ्यायची. बालवाडीत वाऱ्याची सिरिंज नसतेच, पण गॉजचा तुकडा चालतो. डोक्याला बांधायचा टॉर्च मात्र घ्या, मोबाइलचा हातात धरला की ओठ बाजूला करायला हातच उरत नाही.