एनजीसी ४९९३: सोन्याच्या बातमीत हरवलेली दीर्घिका

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे जड तारे फुटल्यावर उरणाऱ्या अतिघन गाभ्यांच्या, टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) पृथ्वीवर टिपल्या गेल्या. तेव्हापासून ‘अवकाशात सोन्याची खाण’ छापाचे मथळे अधूनमधून येतच असतात. अशा टकरीत सोनं घडतं, हे खरंच. पण ती टक्कर जिथे झाली, त्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेबद्दल कुणी दोन ओळीही लिहीत नाही, याची मला फार खंत वाटते.

ही दीर्घिका वासुकी तारकासमूहात, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. विल्यम हर्षल यांनी ती १७८९ मध्ये नोंदवली. ती भिंगाकार गटातली. या गटात तबकडी असते, मध्ये फुगवटा असतो, पण सर्पिल भुजा नसतात. नवे तारे घडवणारा थंड वायू जवळपास संपलेला असतो, म्हणून बहुतेक तारे म्हातारे.

हबल अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत तिच्याभोवती फिकट कमानी दिसतात. त्यांना कवचं म्हणतात, आणि खरी गंमत त्यांच्यातच आहे. एखादी छोटी दीर्घिका जवळजवळ सरळ रेषेत मोठीच्या केंद्राकडे कोसळली, की तिचे तारे विखरतात आणि केंद्राच्या आरपार ये-जा करू लागतात. झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थबकतो, तसा प्रत्येक तारा सर्वांत दूरच्या बिंदूशी मंदावतो. वेग कमी म्हणजे तिथला मुक्काम जास्त. साहजिकच तिथे ताऱ्यांची दाटी होते आणि आपल्याला कमान दिसते. कमी ऊर्जेचे तारे लवकर परततात, जास्त ऊर्जेचे उशिरा, त्यामुळे एकात एक अनेक कवचं तयार होतात. काळाबरोबर ती बाहेर सरकतात, म्हणून त्यांच्या अंतरांवरून दोन दीर्घिकांच्या टकरीचा काळ काढता येतो. इथे तो अंदाज २० ते ४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी मात्र बहुधा याहून पुष्कळ जुनी. त्यांचे जन्मदाते जड तारे फार तर काही कोटी वर्षं जगतात, आणि इथे नवे तारे घडणं केव्हाच मंदावलं होतं. म्हणजे दोघे अब्जावधी वर्षं एकमेकांभोवती फिरत हळूहळू जवळ आले असावेत.

गुरुपुष्यामृताचा मुहूर्त गाठून सोनं घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: दागिन्यातले सोन्याचे अणू गुरू ग्रह जन्मण्याआधीच घडले होते. त्यांना त्याची कृपा कसली लागणार?

न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनंतरच्या रेडिओ लहरी नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही टिपल्या. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहिली, की अशा टकरींची आकाशातली जागा आणखी नेमकी सापडेल आणि त्यांच्या दीर्घिकाही चटकन ओळखता येतील.